गांजा, छातीतली कळ आणि आपली गप्प बसण्याची सवय

“अरे, झाडपाला आहे. सिगरेटपेक्षा बरा.” गांजाबद्दलचं हे वाक्य मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये ऐकलं. नोकरीला लागल्यावर आयटी पार्कबाहेरच्या टपरीवर ऐकलं. आता रात्री टर्फवर क्रिकेट खेळून झाल्यावर मोहल्ल्यातली विशी-पंचविशीची मुलं तेच म्हणतात. पंधरा वर्षांत फोन बदलले, पगार बदलले, मालाचे भाव बदलले, पण वाक्य तेच राहिलं.

त्याला आपल्याकडचं उत्तरही ठरलेलं आहे. घरचे म्हणतात, “हराम आहे, विषय संपला.” शेजारचे म्हणतात, “पोलिस केस झाली तर आयुष्य बरबाद.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट कुठेच येत नाही. गांजा ओढल्यावर हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. आणि जो आधीच ओढतो आहे, त्याला सर्वांत आधी हेच कळायला हवं.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडला की लॉग वाचून बिघाड कुठे झाला हे शोधणं माझं रोजचं काम. त्या सवयीनंच मी या विषयावरचं संशोधन वाचलं. काय सिद्ध झालंय, काय अजून वादात आहे आणि कुठे आकडे फुगवून सांगितले जातात, हे वेगवेगळं करून पाहिलं. तेच इथे मांडतो आहे.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. गांजात नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो शरीरातल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतो. हे रिसेप्टर फक्त मेंदूत नसतात, हृदयात आणि रक्तवाहिन्यांतही असतात. त्यामुळे झुरका घेतल्यावर काही मिनिटांतच नाडी वाढते. मिनिटाला ७० ठोके पडत असतील तर ते १०० च्या वर जाणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. ही धडधड काही तास टिकू शकते. हृदय जास्त वेगानं चाललं की त्याला प्राणवायूही जास्त लागतो.

नेमक्या त्याच वेळी प्राणवायूचा पुरवठा कमी होतो. कोणताही पाला जाळला की धुरात कार्बन मोनॉक्साईड येतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर प्राणवायूची जागा अडवून बसतो. इथे “सिगरेटपेक्षा बरा” हे वाक्य पहिल्यांदा कोसळतं. १९८८ मध्ये अमेरिकेत १५ पुरुषांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांच्या सिगरेट ओढण्याची आणि गांजा ओढण्याची पद्धत मोजली गेली. गांजा ओढणारा झुरका मोठा घेतो, खोल घेतो आणि धूर छातीत कितीतरी जास्त वेळ धरून ठेवतो. परिणामी, एका सिगरेटच्या तुलनेत एका गांजाच्या सिगरेटनं रक्तातल्या कार्बन मोनॉक्साईडची वाढ जवळपास पाचपट झाली आणि फुफ्फुसात सुमारे तिप्पट डांबर गेलं. आपल्याकडे तर बहुतेक जण सिगरेटचा तंबाखू काढून त्यात गांजा मिसळूनच रोल करतात. म्हणजे सिगरेटच्या ऐवजी गांजा हा प्रश्नच नाही, दोन्ही एकत्रच आत जातात.

मागणी वाढली आणि पुरवठा घटला की काय होतं? १९७४ मध्ये हृदयविकार असलेल्या दहा रुग्णांवर याची चाचणी झाली होती. व्यायाम करताना छातीत दुखायला लागेपर्यंत ते किती वेळ टिकतात, हे मोजलं गेलं. एक गांजाची सिगरेट ओढल्यावर हा वेळ सरासरी ४८ टक्क्यांनी कमी झाला. नशेचा घटक काढून टाकलेल्या सिगरेटनं तो जेमतेम आठ-नऊ टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणजे दोष फक्त धुराचा नाही, टीएचसीचाही आहे.

आता पुढचा प्रश्न. खरोखरचा झटका येतो का? २००१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकारावरच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,८८२ रुग्णांना विचारलं गेलं की झटक्याच्या आधी त्यांनी काय काय केलं होतं. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या धोक्याच्या ४.८ पट निघाला. तासाभरानंतर तो झपाट्यानं खाली आला.

हा आकडा ऐकून घाबरण्याआधी तो नीट समजून घेऊ. तब्येत ठणठणीत असलेल्या २२ वर्षांच्या मुलाला एखाद्या विशिष्ट तासात झटका येण्याची शक्यता मुळातच अतिशय कमी असते. तिची पाचपट केली तरी ती कमीच राहते. त्यामुळे “एक झुरका घेतला की मेलाच” असं मी सांगणार नाही. ते खोटं आहे, आणि मुलांना खोटं लगेच ओळखू येतं, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दहा जण ओढून धडधाकट फिरत असतात. एकदा आपण खोटं बोलताना सापडलो की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. मुद्दा वेगळा आहे. आपला मूळ धोका किती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? शेवटचं बीपी कधी तपासलं होतं? अब्बांना शुगर आहे, चाचांना पंचेचाळिशीत स्टेंट पडला, स्वतः दिवसाला सात-आठ सिगरेटी ओढतो, रात्री दोनला जेवतो, अशा मुलाचा मूळ आकडाच मोठा असतो. पाचपट होते ती त्या आकड्याची.

आणि आपण राहतो तो भाग या बाबतीत दुर्दैवी आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी वयाच्या ५३ व्या वर्षी आलेला दिसला. बाकीच्या देशांत हे वय जवळपास ५९ होतं. म्हणजे आपली घसरण पाच-सहा वर्षं आधीच सुरू होते. अमेरिकेतला एखादा पॉडकास्टवाला “मी वीस वर्षं ओढतोय, काही झालं नाही” म्हणतो, तेव्हा त्याची धमनी आणि आपली धमनी एकाच जागेवरून सुरुवात करत नाही.

रोज ओढणाऱ्यांचं काय? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ४ लाख ३४ हजारांहून अधिक प्रौढांच्या सर्वेक्षणाचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. वय, तंबाखू वगैरे गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावरही, रोज गांजा घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता न घेणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी आणि पक्षाघाताची ४२ टक्क्यांनी जास्त आढळली. ज्यांनी आयुष्यात कधी सिगरेट ओढली नव्हती, त्यांच्यातही हा संबंध दिसला. २०२५ मध्ये ‘हार्ट’ या नियतकालिकात २४ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात गांजा घेणाऱ्यांमध्ये हृदयरोगानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला.

“मग ओढणार नाही, खाईन. भांग, कुकी, गमी.” हाही युक्तिवाद मी ऐकला आहे. २०२५ मध्येच कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ५५ निरोगी माणसांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. काही नियमित गांजा ओढणारे होते, काही टीएचसी असलेले पदार्थ खाणारे, काही दोन्हींपासून दूर. रक्ताचा प्रवाह वाढला की निरोगी धमनी थोडी पसरते. ही पसरण्याची क्षमता ओढणाऱ्यांमध्येही आणि खाणाऱ्यांमध्येही न घेणाऱ्यांच्या जवळपास निम्म्यावर आलेली होती. बाहेरून ही माणसं ठणठणीत होती. खाल्ल्यानं धूर टळतो, टीएचसी टळत नाही. शिवाय खाल्लेल्या मालाचा अंमल चढायला तास-दीड तास लागतो. “काहीच होत नाही” म्हणून लोक दुसरा तुकडा खातात आणि मग दोन्ही एकदम चढतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. यातले बरेचसे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. गांजा घेणारा माणूस झोप, जेवण, ताण या बाबतीतही वेगळा असू शकतो. सर्वेक्षणात लोक स्वतःच सांगतात, तपासून कुणी पाहत नाही. आणि उलट निष्कर्षही आहेत. अमेरिकेत १९८५-८६ मध्ये ५ हजारांहून अधिक तरुणांचा पाठपुरावा सुरू झाला. ते मध्यम वयात पोहोचल्यावर २०१७ मध्ये जो हिशेब निघाला, त्यात आयुष्यभरात घेतलेला गांजा आणि हृदयरोग यांचा स्पष्ट संबंध सापडला नाही. मात्र त्या काळातला माल आजच्यासारखा नव्हता. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास टीएचसीचं प्रमाण सुमारे ४ टक्के होतं, आता ते १५ टक्क्यांच्या आसपास गेलं आहे. मुंबई विमानतळावर थायलंडहून येणारा जो ‘हायड्रो’ वारंवार पकडला जातो, तो याच नव्या, कडक जातीचा. जुन्या गांजाचा निर्वाळा नव्या मालाला लावता येत नाही.

माझ्या कामात एक साधा नियम आहे. एकाच ठिकाणचा लॉग चुकीचा असू शकतो. पण तीन वेगळ्या ठिकाणचे लॉग एकाच बिघाडाकडे बोट दाखवत असतील, तर सर्व्हर पूर्ण कोसळण्याची वाट पाहत बसायचं नसतं. इथे शरीराची यंत्रणा, झटक्याआधीचा तास आणि लाखोंची सर्वेक्षणं, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत आहेत. पुरावा अपुरा आहे म्हणून निष्कर्ष थांबवता येतो. काळजी घेणं थांबवायचं कारण नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. माझा एक जुना वर्गमित्र आहे, वय ३४. एका रात्री जॉइंट ओढून झाल्यावर त्याच्या छातीत कळ आली, डाव्या हातापर्यंत गेली, दरदरून घाम फुटला. घरात पित्त झालं असेल म्हणून थंड दूध देण्यात दोन तास गेले. मग रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “सिगरेट, दारू, आणखी काही घेता का?” तो उत्तर देण्याआधीच बाजूला उभे असलेले त्याचे अब्बू म्हणाले, “आमच्या घरात असलं काही चालत नाही, डॉक्टरसाहेब.” तो गप्प बसला. झटकाच होता. स्टेंट पडला, वाचला. घरी जाताना मिळालेल्या कागदावर तंबाखू बंद, तेलकट बंद, मीठ कमी असं सगळं लिहिलेलं होतं. गांजाबद्दल एक अक्षर नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा ओढायला लागला. “डॉक्टरांनी ते बंद कर असं म्हटलंच नाही,” असं त्यानं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, तू त्यांना सांगितलंस का? त्यावर तो म्हणाला, “अब्बू उभे होते रे. कसं सांगणार?”

त्याचा झटका गांजामुळेच आला असं मी म्हणत नाही. तो सिगरेटही ओढायचा. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. स्टेंट पडलेल्या हृदयानं घरी परतलेला माणूस आपल्या सर्वांत धोकादायक सवयीबद्दल एकही वैद्यकीय सल्ला न घेता परतला, आणि त्याचं कारण लाज होतं. ही लाज आपण मिळून तयार केलेली आहे.

काही मुलं वाद घालतात की गांजाचं नाव कुराणात कुठे आहे. हा वाद आजचा नाही. चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न तैमियांनी हशीशवर लिहिलं होतं आणि नशा आणणारी वस्तू म्हणून ती हरामच ठरवली होती. त्याबद्दल मला काही नवं सांगायचं नाही. मला एवढंच दिसतं, की ‘हराम’ हा शब्द न घेणाऱ्याला दूर ठेवतो, पण जो आधीच घेतो आहे त्याला तो फक्त लपवायला शिकवतो. जीव वाचवणं हेही दीनमध्ये फर्जच मानलं गेलं आहे. मग ज्या मुलाचा जीव धोक्यात आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरं वाक्य का नसावं?

तंबाखू आणि गांजा मिळून तरुणांच्या पायांच्या धमन्या कशा सुकवतात, यावरही जुनं काम आहे. १९६० मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी मोरोक्कोतल्या गांजा ओढणाऱ्या तरुणांमध्ये हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडत चालल्याचं नोंदवलं होतं. हा वेगळा आजार मानायचा की तंबाखूमुळे होणाऱ्या ‘बर्जर’ आजाराचाच भाग, यावर डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत. रुग्णाला त्यानं फरक पडत नाही. बोटं काळी पडल्यावर त्याला कारणाचं नाव नको असतं, बोटं हवी असतात. मोरोक्कोही आपल्यासारखाच समाज. तिथेही हराम होतंच, आणि तरी हे आजारी पडलेले तरुण होतेच.

कायद्याची भीतीही खरी आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प मात्रा’ धरला जातो, पण अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एखाद्या मुस्लिम मुलावर अशी केस झाली की बातमी कशी रंगवली जाते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून आपण जास्तच गप्प बसतो. पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचारासाठी गेला, तर सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यातून त्याला संरक्षण मिळू शकतं. हे आपल्या किती घरांत माहीत आहे? आणि हा प्रश्न एका जमातीचाही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतली होती, आणि सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती.

मला वाटतं, सुरुवात तीन ठिकाणांहून होऊ शकते.

पहिली, घेणाऱ्यापासून. सोडता आलं तर सोडा. ते आज जमत नसेल तरी डॉक्टरांशी खोटं बोलू नका. हृदयाची, रक्त पातळ करण्याची किंवा बीपीची गोळी सुरू असेल तर नक्कीच सांगा. वॉर्फरिनसारख्या औषधाचा परिणाम गांजामुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशनच्या आधी तर सांगाच. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये अशी सूचना केली, की गांजा ओढल्यावर निदान दोन तास तरी ठरलेली शस्त्रक्रिया करू नये, कारण त्या काळात झटक्याचा धोका वाढलेला असतो. ओढून लगेच टर्फवर धावू नका. दिवसभराच्या रोज्यानंतर शरीरात पाणी कमी असताना ओढून पटकन उभं राहिलं, तर बीपी घसरून चक्करही येऊ शकते. आणि छातीत दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, घाम, श्वास अडकणं यांपैकी काही झालं तर पित्त म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा.

दुसरी, घरच्यांपासून. मुलाला दवाखान्यात नेलं असेल आणि डॉक्टर प्रश्न विचारत असतील, तर अब्बांनी आणि भाईजाननी दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहावं. एवढ्यानंही जीव वाचू शकतो. घराची इज्जत त्या दोन मिनिटांत कुठे जात नाही.

तिसरी, मोहल्ल्यातल्या संघटनांपासून. रक्तदान शिबिर आपण उत्साहानं घेतो. त्याच मांडवात पंचविशीपुढच्या मुलांचं बीपी आणि शुगर तपासायला काय हरकत आहे? एखादा डॉक्टर बसवा आणि तो मुलांशी एकांतात बोलेल, नाव लिहिणार नाही, हे आधीच जाहीर करा. जुम्म्याच्या बयानात वर्षातून एकदा तरी इमामसाहेबांनी ‘हराम’च्या पुढचं वाक्य बोलावं, की जो यात अडकला आहे त्यानं लपू नये, उपचार घ्यावा. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करत आहे, आणि केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. ही दोन नावं मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावायला फारसा खर्च येत नाही.

झाडपाल्याच्या वाक्याला उत्तर द्यायचं तर ते असं. धोतराही झाडच आहे. आपल्या शरीराला झाड कोणतं हे कळत नाही, त्याला टीएचसी, कार्बन मोनॉक्साईड आणि नाडीचा वेग एवढंच कळतं. पुढच्या वेळी कुणी तुमच्यापुढे रोल धरला, तर नको म्हणा. आणि म्हणता आलं नाही, तर निदान ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एका माणसाला आणि एका डॉक्टरला ते खरं सांगून ठेवा.